आधीच मानलेले उपकार

आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या माणसाचा छळ करायचा मक्ता देवानं शालिनीमावशींना दिला होता. पेटी मी वाजवतो. रविवारी मी सूर धरून बसलेला असायचो, पाळकसाहेब गीताचा क्रमांक सांगायला तोंड उघडायचे, आणि तेवढ्यात बायकांच्या दुसऱ्या बाकावरून मावशी भलतंच गाणं भलत्याच पट्टीत सुरू करायच्या. काळी चार म्हणावी तर नाही, पांढरी पाच म्हणावी तर तीही नाही, दोन्हींच्या मधल्या फटीत कुठंतरी. मी तो सूर शोधत पेटीभर बोटं फिरवायचो आणि तो सापडेपर्यंत त्यांचं दुसरं कडवं संपलेलं असायचं. एकदा मी चिडून म्हणालो, "मावशी, निदान माझ्याकडं बघून तरी सुरू करत जा."

"तुझ्याकडं बघून गायला तू काय देव हायेस व्हय, अनिल?"

मी पुन्हा भात्याला हात घातला. त्यांच्यापुढं गप्प बसण्याची सवय साऱ्या चर्चला होती.

शालिनीबाई खरात मूळच्या फुलंब्रीकडच्या. सगळी हयात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करण्यात गेली. ताटांच्या खणखणाटातून "वाढू का गं?" विचारून विचारून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की त्यांना कुजबुजता येतच नसे. बुटक्या, रुंद, पदर कायम खोचलेला. चर्चला येतानाही तो खोचलेलाच, जणू वेदीपाशी कुणी पोळ्या लाटायला बसवणार आहे. तरुण पोरं त्यांना मागं 'हालेलूयामावशी' म्हणायची. मावशींना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा राग नव्हता.

गाण्यानंतर आमच्याकडं उपकारस्तुतीची वेळ असते. त्या आठवड्यात देवानं ज्याला जे दिलं ते त्यानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी "प्रभूची स्तुती असो" म्हणायचं. आम्ही बहुतेक लोक ठरीव बोलतो: आरोग्याबद्दल आभार, कुटुंबाबद्दल आभार, नवीन दिवसाबद्दल आभार. बोलणाऱ्यालाही ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. मावशी मात्र पहिल्या उठायच्या आणि म्हणायच्या, "बापा, सिलिंडर संपला तवा भाकरी होऊन गेल्या होत्या. उपकार!" किंवा, "पैठणच्या गाडीत खिडकीची जागा भेटली, आन् शेजारची बाई गप बसणारी होती. उपकार, बापा, उपकार!" मग खाली बसायच्या. त्यांचं ऐकून आमच्यासारख्यांनाही आठवायचं की अरे, गुरुवारी आपलाही दात दुखायचा थांबला होता.

त्यांना दुसऱ्यांच्या वतीनंही उपकार मानायची खोड होती आणि तिनं बरेच घोटाळे झाले. एकदा भर उपासनेत त्या म्हणाल्या, "बापा, लताबाईच्या पोरीचं लगीन मोडलं, लई उपकार. पोरगा पीत होता." लग्न मोडल्याचं तोवर लताबाई सोडून कुणाला माहीत नव्हतं. लताबाई नंतर महिनाभर मावशींशी बोलल्या नाहीत. मावशींना त्याचं वाईट वाटलं, पण चूक काय झाली ते काही शेवटपर्यंत उमगलं नाही.

आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. पदमपुऱ्याच्या मागच्या अंगाला तीन मजले: तळाला मी, मध्ये शबानाभाभी, वर मावशी आणि त्यांचे यजमान. नळ खाली बोळीत. आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे पाहुणा येण्यासारखं, कधी येईल सांगता येत नाही आणि आला तर फार टिकत नाही. मावशींची पाळी आली की त्या आधी धारेखाली नुसता हात धरायच्या आणि डोळे मिटायच्या.

"खाला, वो बाद में बोलो ना! पहले पाइप लगाओ, पानी जातंय!" शबानाभाभी हंडा घेऊन मागं नाचत असायच्या.

"थांब गं, तुझ्या वाटचंबी म्हणते."

"मेरे वाटे का मैं बोल लेती!"

हे भांडण गल्लीला पाठ होतं. पाणी दोघींनाही पुरायचं, हा भाग वेगळा.

पण एवढ्यावरून कुणी त्यांना भोळी, उठसूट हालेलूया म्हणणारी बाई समजेल, तर ते चूक आहे. स्तुतीच्या बाबतीत मावशी फार कडक होत्या. एका तरुणानं एकदा उभं राहून सांगितलं की मला परदेशी नोकरी मिळणार आहे, म्हणून मी देवाचे आभार मानतो. सगळे "स्तुती असो" म्हणाले, मावशी म्हणाल्या नाहीत. बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना त्यांनी त्याला गाठलं.

"मिळाली का?"

"मिळणार आहे, मावशी."

"मग मिळाल्यावर सांग. पोर पोटात असताना बारशाच्या घुगऱ्या वाटत नसत्यात. हातात आलेलं सांगायचं, नाय आलं तर गप बसायचं."

गप्प बसणं त्यांना जमायचंही. वाळूजच्या रस्त्यावर आमच्यातल्या सुनंदाबाईंचा मुलगा अपघातात गेला. घर माणसांनी भरलं होतं. कुणी म्हणत होतं देवाची इच्छा, कुणी म्हणत होतं प्रत्येक गोष्टीत उपकार मानायला हवेत. मावशी दारातून आल्या तेव्हा मी मनात म्हटलं, आता या बाई इथं काय मोठ्यानं म्हणतात कोण जाणे. त्या कुणाशी न बोलता सरळ मागच्या मोरीत गेल्या आणि दिवसभर आल्यागेल्यांचे कप न् ताटं घासत बसल्या. संध्याकाळी मी म्हणालो, "मावशी, आज एक शब्दसुद्धा नाही?"

"इथं कसली स्तुती रं? इथं भांडी घासायची असत्यात."

त्या दिवसापासून मी त्यांच्या चुकीच्या पट्टीबद्दल तक्रार करणं सोडलं.

त्यांचे यजमान शमुवेलकाका एसटीत ड्रायव्हर होते, पैठणच्या फेरीवर. नाताळ सोडला तर चर्चचं तोंड बघायचे नाहीत. निवृत्तीनंतर वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. तिथून पैठण रस्त्याचा एक तुकडा दिसतो. वळणावर गाडी कशी घेतली यावरून काका ड्रायव्हरला शिव्या किंवा शाबासकी द्यायचे. मावशींच्या स्तुतीची त्यांना गंमत वाटायची. "तुझा देव वर्कशॉपमध्ये बसतो का गं, एवढं वरडायला?" मावशी आतून म्हणायच्या, "हॉर्न वाजवून वाजवून तुमचे कान गेलेत, त्याचे नाय गेले."

मग काकांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सरकारी दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द उरला होता: "नाय." चहा घेणार का? नाय. आणि कप ओठाला लावला की सगळा पिऊन टाकायचे. ऊन लागतंय का? नाय. आणि डोळे गच्च मिटलेले. मावशींनी त्यांची खाट गॅलरीत लावली. निदान रस्ता तरी दिसावा. रविवारी दोन तास शबानाभाभी वर बसायच्या आणि तेवढ्या वेळात मावशी चर्चला येऊन जायच्या.

सुरुवातीला त्यांची उपकारस्तुती चालू राहिली. "बापा, ह्या आठवड्यात त्यांनी डाव्या हातानं घास घेतला. उपकार." पुढच्या आठवड्यात घासही नव्हता. मग त्या म्हणायच्या, पाठीला जखम झाली नाही, उपकार. मग जखमही झाली. रविवारी आम्ही सगळे सवयीनं त्यांच्याकडं बघायचो, आधी मावशी उठणार, मग आपण. त्या उठायच्या, काहीतरी शोधायच्या, आणि त्यांच्या तोंडून आमच्यासारखंच ठरीव काहीतरी निघायचं. माझ्या बायकोला त्या एकदा म्हणाल्या, "शनिवार आला की मला घाम फुटतो गं. आता उद्या काय सांगू?"

त्या उन्हाळ्यात बाहेरगावचे एक प्रचारक आले. मोकळ्या मैदानात मोठा मांडव, मोठे स्पीकर. माणूस बोलायला गोड होता. ते म्हणाले, मिळाल्यावर तर कुणीही आभार मानतो, त्यात विश्वास कसला? जे हवंय त्याचे आज, आत्ता, आधीच उपकार माना, मग बघा. मी वाट बघत होतो की आता मावशी नाक मुरडतील, घुगऱ्यांचं काहीतरी बोलतील. पाहिलं तर मावशी त्या माणसाकडं टक लावून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली एक हाव होती.

काकांना रिक्षातून आणलं होतं. दोन धट्ट्याकट्ट्या पोरांनी त्यांना काखेत धरून मंचावर उभं केलं. प्रचारकांनी माइक पुढं केला. "बाबा, विश्वास आहे?"

"नाय," काका म्हणाले.

प्रचारकांनी माइक चटकन बाजूला घेतला. पोरं काकांना घेऊन चालू लागली. काकांचा डावा पाय पडत होता आणि उजवा फरफटत होता, पण समोर बसलेल्यांना फक्त एवढंच दिसलं की माणूस मंचाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेला. मांडव उठून उभा राहिला. मावशींना आयुष्यात कधी माइक लागला नव्हता, त्या दिवशी त्यांनी तो प्रचारकांच्या हातातून ओढून घेतला. "बापा, माझा मालक चालला! बरं केलंस त्यांना! उपकार, बापा, उपकार!" मीही रडलो. ज्यांना रडू आलं नाही त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला.

दुसऱ्या दिवशी काकांना उठता आलं नाही. उचलल्यामुळं खांदा मात्र सुजला होता. हे आम्हाला फार नंतर कळलं. पण व्हिडिओ तोवर जालन्याला पोचला होता, नगरला पोचला होता.

मग लोक येऊ लागले. कुणी बरे झालेले काका बघायला, कुणी त्यांचा हात आपल्या आजारी माणसाच्या डोक्यावर ठेवून घ्यायला. मावशी पहिल्यांदा म्हणाल्या, झोपलेत. मग म्हणाल्या, थकलेत. मग एकदा घाईत म्हणून गेल्या, बाहेर गेलेत. एकदा बाहेर गेलेत म्हटल्यावर माणूस गॅलरीत कसा दिसेल? मावशींनी खाट आत ओढली, गॅलरीचं दार लावलं, वर पडदा टाकला. काकांच्या वाट्याला एक भिंत आणि कपाटाची पाठ आली.

चर्चला त्या त्यानंतर एकदाच आल्या. "काकांना का नाही आणलं? आता तर चालतात!" म्हणत बायकांनी घेरलं, आणि पुढच्या रविवारपासून दुसऱ्या बाकावरची त्यांची जागा रिकामी राहू लागली. पाळकसाहेब भले गृहस्थ, ते वेदीवरून सांगायचे की आपल्या मावशींची साक्ष किती दूर जाते आहे पाहा. माझी पेटी आता पहिल्या ओळीपासून सुरात लागायची, आणि उपासनेत बसवत नव्हतं. नळाला पाणी यायचं तेव्हा मावशी खाली येऊन मुकाट पाइप लावायच्या आणि मान न वळवता वर जायच्या. विचारावं वाटायचं, पण त्यांचं दार कडी लावलेलं असायचं.

एका सुटीच्या दुपारी शबानाभाभी धावत खाली आल्या. "भाई, जल्दी ऊपर चलो. काका खाट पे से गिर गए. हम दोनों से नहीं उठते."

खोलीत अंधार आणि कोंदट उकाडा. काका जमिनीवर, गाल फरशीला टेकलेला, नुसतं "नाय, नाय" चाललेलं. आम्ही तिघांनी त्यांना उचलून वर घेतलं. किती हलके झाले होते! मला काय समजायचं ते समजलं. मी म्हणालो, "मावशी, निदान गॅलरीचं दार तरी उघडा. घुसमटतील ते."

"खालून दिसत्यात."

"मग दिसू द्या. सांगून टाका की नाही बरे झाले."

मावशी खाटेच्या पायाशी बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू बोलल्या. "लोकांशी खोटं बोलले असते तर माफी मागितली असती रं. पाया पडले असते. मी उपकार मानले. साऱ्या मांडवात म्हणले, देवानं केलं. आता त्याला तोंडघशी पाडू व्हय?" मग काकांच्या अंगावरची चादर सारखी करत म्हणाल्या, "तोंडातून उपकार म्हणून निघतच नाय आता. पाणी आलं तरी नाय. म्हणाया गेले की वाटतं, हेबी खोटंच. ह्यांना कोंडलं मी, अनिल. ह्यांच्यासंगं मीबी कोंडले गेले, आन् माझ्या तोंडाला कुलूप पडलं."

"अपनी बात से अल्लाह छोटा नहीं होता, खाला," भाभी म्हणाल्या.

"तुझं बरंय बाई. तू माइकवर नाय बोललीस."

भाभी हसल्या, मावशीही थोड्या हसल्या, पण दार काही उघडलं नाही. मी जिना उतरलो आणि वरून कडी लावल्याचा आवाज ऐकला. मला भयंकर राग आला होता. प्रचारकाचा, व्हिडिओचा, आणि खरं सांगायचं तर देवाचाही. ज्या बाईनं त्याचं नाव एवढं मोठ्यानं घेतलं, तिच्याच गळ्यात त्यानं हे घालावं?

दार उघडलं ते फुलंब्रीच्या एका मुलीनं. हंगामाच्या सणाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. हा सण आमच्याकडं पीक घरात आलं की करतात, पहिलं कणीस, पहिला भोपळा वेदीपुढं आणून ठेवायचा. ती मुलगी वडिलांना रिक्षात खाली बसवून वर निघाली होती. मी म्हणालो, कुणी भेटणार नाही ताई, उगाच चढू नका. तरी ती गेली, म्हणून मीही मागं गेलो.

"आजी," ती बंद दाराला म्हणाली, "काकांना एकदा बघू द्या. माझ्या वडिलांनाबी तसंच झालंय."

"बाहेर गेलेत," आतून आवाज आला.

"मी थांबते. आम्हीबी तुमच्यासारखे आधीच उपकार मानलेत, आजी. विश्वासात खोट नको म्हणून गोळ्याबी बंद केल्या."

मग कडी निघाली. मावशींनी त्या मुलीचं मनगट धरलं आणि तिला थेट खाटेपाशी ओढत नेलं. "हे बघ. नीट बघ. नाय चालत ते. त्या दिशी पोरांनी उचलले होते. खाली जा, बापाच्या गोळ्या घे, आजच्या आज चालू कर."

मुलगी रडायला लागली. "मग तुम्ही माइकवर बोललात ते?"

"चुकले मी. घाई केली. जा आधी, मेडिकल उघडं हाय."

मुलगी डोळे पुसत गेली. मावशींनी पडदा ओढून काढला, गॅलरीचं दार उघडलं आणि माझ्यावर ओरडल्या, "बघत काय बसलास? धर की खाट!" कित्येक महिन्यांनी तो आवाज मी पूर्ण ताकदीनं ऐकत होतो. आम्ही खाट बाहेर लोटली. उजेडानं काकांचे डोळे दिपले. खाली रिक्षात त्या मुलीचे वडील वाकड्या तोंडानं वर बघत होते. काकांनी त्यांना पाहिलं आणि डावा हात उचलला. समोरून दुसरी एसटी आली की ड्रायव्हर उचलतात तसा. खालच्या माणसानंही उचलला.

सणाच्या दिवशी भाभींचे मालक आणि मी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं. चर्चमध्ये वेदीपुढं ऊस, कणसं, भोपळे आणि पाय बांधलेला एक कोंबडा होता. काकांना पुढं बघून लोकांत चुळबुळ सुरू झाली. उपकारस्तुतीची वेळ आली तशी सगळ्यांची तोंडं आपोआप दुसऱ्या बाकाकडं वळली. मावशी उठल्या. कुणीतरी मोबाइल वर केला.

"ठेव तो खाली. मागच्या टायमाला लई झालं तेवढं."

मोबाइल खाली गेला.

"माझे मालक बरे झालेले नायत," मावशी म्हणाल्या.

"नाय," काका म्हणाले.

मागं कुणाला तरी हसू फुटलं आणि तिथंच विरलं. मावशी बोलत राहिल्या. "मांडवात मी म्हणले, देवानं बरं केलं. त्यानं केलं नव्हतं. त्यानं केलंय म्हणून तो म्हणलाबी नव्हता. मीच म्हणले. माझं ऐकून कुणी औषध सोडलं आसंल तर चालू करा. एवढंच."

पाळकसाहेबांना तो शेवट सोसवेना. ते हळूच म्हणाले, "मावशी, तुम्ही विश्वासानंच बोलला होता. प्रभू अजूनही करील. शेवट स्तुतीनं करा ना."

मी पेटीच्या मागून मावशींचा चेहरा बघत होतो. एक शब्द म्हणायचा, उपकार, आणि सगळं पहिल्यासारखं. सगळं चर्च तो शब्द ऐकायला पुढं झुकलं होतं. माझी बोटंसुद्धा सुरांवर जाऊन बसली होती.

"आज नाय, पाळकसाहेब. आज हातात काय नाय माझ्या. रिकामी आलेय. पण आलेय."

त्या खाली बसल्या. कुणी "स्तुती असो" म्हटलं नाही, म्हणणार तरी कसं? त्या शांततेत वेदीपुढचा कोंबडा जोरात आरवला. आम्ही पवित्र शास्त्र ऐकत वाढलेली माणसं, शिष्यानं प्रभूला नाकारल्यावर कोंबडा आरवल्याची गोष्ट प्रत्येकाला ठाऊक. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, माझीही. मग कोपऱ्यातून सुनंदाबाई उठल्या, वाळूजच्या रस्त्यावर मुलगा गमावलेल्या. त्या कधी बोलत नसत. "माझ्याकडंबी काही नाही," त्या म्हणाल्या, "लई दिवसांपासून नाही. पण मीबी आलेय." आणि बसल्या. मला वाटतं, आमच्या चर्चमध्ये त्या दिवसाइतकी खरी उपासना मी पाहिलेली नाही.

सगळ्यांना तसं वाटलं नाही. मावशींचा विश्वास ढळला, असं बोललं गेलं. काहींनी नमस्कार तोडला. आणि सत्य सांगितल्यानं काकांचा पाय काही चालू लागला नाही. मावशी त्याच दोन खोल्यांत, तेच कुशीवर वळवणं, तेच पुसणं, तीच पाठीची जखम. फक्त दार उघडं होतं आणि आवाज परत आला होता, त्यामुळं आता सगळ्या गल्लीला ऐकू यायचं, "बापा, कंबर मोडली माझी! तू उचल की यांना एकदा, का मीच मरू?" भाभी खालून ओरडायच्या, "आती मैं, खाला!" उपकार हा शब्द मात्र त्यांनी तोंडातून काढला नाही. मी कान देऊन असायचो. आजारी माणसाचा ताप उतरला का बघावं, तसा.

शेवटी मावशींची नगरला दिलेली मुलगी दोघांना न्यायला आली. तिनं गादी घातलेली एक गाडी आणली होती. आम्ही काकांना चादरीच्या झोळीतून उतरवून आत निजवलं. निरोपाला पाळकसाहेब आले, त्यांचेही डोळे भरले होते. ते म्हणाले, "मावशी, निघताना उपकारस्तुती तुम्हीच करा."

मावशी गाडीत चढून मांडी घालून बसल्या होत्या, काकांचं डोकं मांडीवर. "तुम्ही करा पाळकसाहेब. मला ह्यांचं डोकं धरायचंय, रस्ता लई खराब हाय."

पाळकसाहेबांनी थोडक्यात प्रार्थना केली. गाडी निघाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोरांनी हौसेनं घातलेला स्पीडब्रेकर आहे, टेकाडाएवढा. धडधाकट माणसाचं डोकं टपाला लागतं, काकांच्या मानेचं काय होणार? ड्रायव्हरनं गाडी जवळजवळ थांबवली. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. मागच्या काचेतून मावशींची पाठ दिसत होती, पूर्ण वाकलेली, दोन्ही कोपर बाहेर आलेले. मागची चाकंही अलगद उतरली.

"उपकार, बापा!"

बंद गाडीतून तो आवाज गल्लीच्या या टोकापर्यंत आला. गाडी नगर नाक्याच्या बाजूला वळली.

शबानाभाभींनी माझा दंड घट्ट धरला होता. "बोली," त्या म्हणाल्या. "सुने ना भाई? खाला बोली."